कोट कोणी घालायचा?

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन सगळंच बंद होतं. आता दिसतंय बऱ्यापैकी. आणि गंमत अशी की, आजचा विषयही बघण्याचाच आहे. कोण बघतं, कोणाला बघतं, आणि कोण दिसतच नाही, याचा.

दिवाळीत पुण्याहून नात आली होती जळगावला. फराळाची आवराआवर झाल्यावर दुपारी ती टीव्हीपुढे बसली, मीही शेजारी टेकले. 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' हा २०२४ साली आलेला हिंदी सिनेमा चालू होता. यंत्रमानवांवर काम करणारा एक तरुण एका यंत्राच्याच प्रेमात पडतो. यंत्राचं नाव सिफ्रा, आणि ते दिसतं मात्र क्रिती सॅनॉनसारखं! तो तिला घरी आणतो, लग्न ठरतं, सगळं कुटुंब खूश. नात मधेच म्हणाली, "आजी, ही मशीन आहे हे घरात कोणालाच कळत नाहीये. का कळत नसेल, सांग ना?"

मी म्हटलं, सिनेमा आहे बाई, सोडून दे. पण तो प्रश्न काही मला सोडेना. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या साठ वर्षांपूर्वीचं धुळं आठवायला लागलं.

१९६४ साली 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' नावाचा सिनेमा आला होता. किशोर कुमार आणि कुमकुम. धुळ्याला तो लागला तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची असेन. आमच्या घरात सिनेमाला जाणं म्हणजे वर्षातून दोनदा, तेही मोठी माय बरोबर असली तरच. त्या काळी आमच्याकडच्या टॉकीजमध्ये बायकांचा भाग वेगळा असे. लाकडी बाकं आणि पुढे एक जाड, कळकट पडदा. दिवे गेले की पडदा सरकवायचा आणि मध्यंतराला दिवे यायच्या आत ओढून घ्यायचा. चुकून उशीर झाला की पलीकडच्या शिट्ट्या ठरलेल्या. आम्ही सिनेमा बघायचा, पण आम्हाला कोणी बघायचं नाही, असा तो सगळा बंदोबस्त.

आणि समोर पडद्यावर काय? एक माणूस रसायन पिऊन अदृश्य होतो! आम्ही पोरी हसून हसून बेजार. शेजारी मोठी माय मात्र गंभीर. बाहेर पडताना तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "तो आपले दिखत नही, पन तो आपले देखस व माय!"

अहिराणी न कळणाऱ्यांसाठी सांगते. तो आपल्याला दिसत नाही, पण तो आपल्याला बघतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईने अदृश्य माणसाच्या सगळ्या सिनेमांचं मर्म एका वाक्यात सांगितलं होतं. मला ते कळायला पुढची पन्नास वर्षं जावी लागली.

अदृश्य माणसाची मूळ कल्पना एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या कादंबरीतली. तिच्यावरून हॉलिवूडने १९३३ साली सिनेमा काढला. आपल्याकडे १९५७ साली अशोक कुमारांचा 'मिस्टर एक्स' आला, मग किशोर कुमारांचा. पुरुष अदृश्य झाला की त्याला बळ येतं. तो चोर पकडतो, खलनायकाला बदडतो, नायिकेच्या खोलीत जातो. बाई अदृश्य झाली तर? तोही प्रयोग हॉलिवूडने १९४० साली केला, 'द इनव्हिजिबल वुमन' नावाने. त्यातला विनोद कशावर, तर अदृश्य राहायचं म्हणजे तिला अंगावर कपडे ठेवता येत नाहीत यावर! म्हणजे बाई दिसेनाशी झाली तरी प्रेक्षकाला आठवण कशाची करून द्यायची, ते ठरलेलंच.

दुसरी जात बनवलेल्या बाईची. तिची आद्य आजी म्हणजे जर्मनीतल्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटातली मारिया. हा चित्रपट १९२७ साली बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. एका प्रचंड शहरात वर धनिक राहतात आणि जमिनीखाली मजूर यंत्रं चालवतात. मारिया ही मजुरांना धीर देणारी मुलगी. शहराचा मालक एका शास्त्रज्ञाला फर्मावतो की, तू केलेल्या यंत्राला हिचं रूप दे, म्हणजे मजुरांचा हिच्यावरचा विश्वास उडेल. तो शास्त्रज्ञही काही साधा नाही. त्याने ते यंत्र घडवलेलं असतं आपल्या गमावलेल्या प्रेयसीच्या जागी. ती त्याला सोडून त्या मालकाची बायको झालेली आणि बाळंतपणात गेलेली. जिवंत बाईने नकार दिला, म्हणून लोखंडाची बाई केली. ती नाही म्हणणार नाही ना!

या सिनेमातलं एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. खोटी मारिया धनिकांपुढे नाचते, आणि बघता बघता पडदा नुसत्या डोळ्यांनी भरून जातो. पुरुषांचे डोळेच डोळे. शंभर वर्षं होत आली त्याला, पण बाईकडे वस्तू म्हणून बघणं म्हणजे काय, हे इतकं उघड कोणी दाखवलं असेल असं मला वाटत नाही. गंमत म्हणजे दाखवणारा सिनेमाही तिला त्याच डोळ्यांनी बघतो. खरी मारिया आणि यंत्र, दोन्ही भूमिका ब्रिगिट हेल्म नावाच्या विशीतल्या मुलीने केल्या. धातूचा वाटावा असा तो ताठ पोशाख अंगावर चढवून तिला उभं राहावं लागे, आणि त्याचा तिला फार त्रास झाला.

आता एक गोष्ट सांगते, ती वाचून तुम्हीही माझ्यासारखेच चकित व्हाल. 'मेट्रोपोलिस'ची कथा-पटकथा एका बाईची आहे. तिचं नाव थेआ फॉन हारबू. ती लांगची तेव्हाची पत्नी. १९३३ साली त्यांचा घटस्फोट झाला आणि तिने गुपचूप लग्न केलं ते कोणाशी? तर ए. जी. तेंडुलकर या बेळगावकडच्या मराठी माणसाशी! ते तेव्हा बर्लिनमध्ये पत्रकारिता करत. (गांधीजींचं मोठं चरित्र लिहिणारे डी. जी. तेंडुलकर ते वेगळे, घोटाळा करू नये.) महायुद्धाच्या आधी तेंडुलकर भारतात परतले. पुढे इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचं लग्न ठरलं, तेव्हा गांधीजींनी आधी पाच वर्षं एकमेकांपासून दूर राहण्याची अट घातली. ती पाळून १९४५ साली ते लग्न झालं. त्यांच्या कन्येने, लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी, या सगळ्या हकिकतीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे. थेआ मात्र जर्मनीतच राहिली, नाझी पक्षाची सभासदही झाली, आणि १९५४ साली बर्लिनमध्ये वारली.

तर, बाईला यंत्र करण्याची ही कल्पना लिहिणारा हात बाईचाच होता. याचा मला आधी रागच आला होता. मग वाटलं, रागावण्याचा मला काय अधिकार? का ते पुढे सांगते.

'मेट्रोपोलिस'च्या बावीस वर्षं आधी, १९०५ साली, आपल्याच देशात बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा लिहिली होती. तिच्यात पुरुष घरात आणि बायका राज्यकारभारात. त्या उन्हाची उष्णता साठवतात, ढगातलं पाणी ओढून घेतात, आणि उन्हाच्याच जोरावर शत्रूला पळवून लावतात. पडद्यात वाढलेल्या बाईने तो पडदाच उचलून पलीकडच्या बाजूला लावला! पण आपल्या सिनेमाने ही वाट धरली नाही. तो मिस्टर एक्सच्याच मागे गेला.

१९८७ साली 'मिस्टर इंडिया' आला. आमच्या शाळेतली पोरं आठवडाभर मोगँबोच्याच आवाजात बोलत होती. वडील शास्त्रज्ञांनी केलेलं यंत्र मुलाला मिळतं आणि तो अदृश्य होतो. श्रीदेवी त्यात वार्ताहर. म्हणजे शिकलेली, नोकरी करणारी. मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? निळ्या साडीतलं गाणं. नायक दिसत नाही, फक्त ती दिसते. त्याच्या जागी आपणच आहोत, असं थेटरातल्या प्रत्येक पुरुषाला वाटावं अशी ती सोय. श्रीदेवीचं काम अफाट होतं, वाद नाही. पण मोठी मायचं वाक्य तिथेही लागू पडलं.

आमच्या शिरपूरच्या घराण्यातल्या स्मिता पाटीलचीही आठवण येते. तिचा 'चक्र' (१९८१) काही विज्ञानपट नव्हे. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, झोपडपट्टीचं जगणं दाखवणारा सिनेमा. त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण जाहिरातीच्या फलकावर काय रंगवलं, तर तिचं अंघोळीचं दृश्य. कथा कोणतीही असो, गिऱ्हाईक बोलवायला हीच एक वस्तू.

२०१० सालच्या रजनीकांतच्या 'रोबोट'मध्ये तर एक प्रसंग असा आहे की अंगावर काटा येतो. आग लागलेल्या इमारतीतून यंत्रमानव लोकांना वाचवतो. एक मुलगी अंघोळ करत असते. तो तिलाही तशीच उचलून बाहेर आणतो, सगळ्या गर्दीपुढे, कॅमेऱ्यांपुढे. ती लाजेने धावत सुटते आणि गाडीखाली सापडून मरते. सिनेमा म्हणतो, यंत्राला लाज कळत नाही. मला वाटतं, यंत्राचं सोडा हो. त्या गर्दीतल्या एकानेही मान वळवली असती, अंगावरचा शर्ट काढून दिला असता, तर ती मुलगी जगली असती. पण ते कोणी लिहिलं नाही.

मराठीत २०१६ साली सुजय डहाके यांचा 'फुंतरू' आला. इंजिनियरिंगचा विद्यार्थी आपल्याला आवडणाऱ्या मुलीची प्रकाशाची प्रतिमा तयार करतो. केतकी माटेगावकर त्यात काम करते. शंभर वर्षांत लोखंडाचा प्रकाश झाला, पण हट्ट तोच. ती मिळत नाही तर तिच्यासारखी करून घेऊ.

आता मालेगावकडे येते. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण आम्हाला धुळ्याहून जवळ, आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटर. यंत्रमागांचं गाव. तिथे नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने २००० साली 'मालेगाव के शोले' काढला आणि मग या मंडळींनी सुपरमॅनच बनवायला घेतला. यंत्रमागावर काम करणारा शफीक हा किडकिडीत कामगार सुपरमॅन झाला. हिरव्या कापडापुढे आडवा पडून तो उडाला. फैझा अहमद खान यांनी या खटाटोपावर २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. बघाच तुम्ही. हसता हसता डोळे भरून येतात. शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला.

पण त्यात एक गोष्ट जाणवते. गावातली बाई नाही. पडद्यावर काम करायला गावातल्या बायका येत नाहीत, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणायची. थेटरातली गर्दीही पुरुषांचीच. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, म्हणून साळुंखे नावाच्या पुरुषाला साडी नेसवावी लागली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई उभ्या राहिल्या, म्हणून पुढचा मार्ग मोकळा झाला. मालेगावात नव्वद-पंचाण्णव वर्षांनी नासिरभाईंपुढे प्रश्न तोच.

माणूस आकाशात उडू शकतो, यावर गाव विश्वास ठेवतं. शेजारची मुलगी कॅमेऱ्यापुढे उभी राहू शकते, यावर नाही. मी मालेगावला हसत नाही. आमच्या टॉकीजमधला पडदाही तसाच होता, आणि तो आमच्याच माणसांनी लावला होता. आणि एक नोंद करायला हवी. या मंडळींची कहाणी जगापुढे नेली ती दोन बायकांनी. माहितीपट फैझा अहमद खान यांचा, आणि २०२५ साली थेटरात लागलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा रीमा कागतींचा.

आता माझी गोष्ट. इतकं सगळं दुसऱ्यांबद्दल लिहून ती टाळली, तर ते खोटं होईल.

१९८८ सालची. मी तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. 'मिस्टर इंडिया'ची हवा अजून होती, राष्ट्रीय विज्ञान दिनही नुकताच सुरू झालेला. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, स्नेहसंमेलनात यंदा विज्ञानावर काहीतरी बसवा. मी चार रात्री जागून एक नाटुकलं लिहिलं, 'यंत्रबाई'. आई घरकामाने थकते, म्हणून मुलगा शास्त्रज्ञ होतो आणि तिच्यासाठी झाडलोट करणारी, भाकरी थापणारी यंत्रबाई तयार करतो. आईविषयी कळवळा होता हो त्यात. मला वाटलं होतं, मी बायकांच्या बाजूनेच लिहिते आहे!

पात्रं ठरवताना नववीतली एक मुलगी पुढे आली. विज्ञानात शाळेत पहिली. म्हणाली, "बाई, मी शास्त्रज्ञ होऊ का?"

मी काय म्हणावं? "अगं, तो पांढरा कोट मुलालाच शोभेल. तू यंत्रबाई हो. तुझी चाल छान आहे."

ती झाली यंत्रबाई. अशी ताठ चालली, असा झाडू मारला की प्रेक्षक पोट धरून हसले. पहिलं बक्षीस मिळालं. शास्त्रज्ञ झालेल्या मुलाला भौतिकशास्त्रात जेमतेम पस्तीस मार्क होते.

गेल्या वर्षी पारोळ्याला एका लग्नात ती भेटली. पन्नाशीची झाली आहे. वाकून नमस्कार केला. बारावीनंतर तिने बी.एस्सी.ला नाव घातलं होतं, दुसऱ्या वर्षी लग्न झालं, आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. आम्ही जेवायला शेजारी बसलो. वरणबट्टीवर तूप घेता घेता ती हसत म्हणाली, "बाई, तुमची यंत्रबाई अजून चालू आहे बरं का. फक्त टाळ्या नाहीत."

ती हसली. मला हसता आलं नाही. घास तसाच हातात राहिला.

तिचं शिक्षण माझ्या नाटुकल्याने थांबलं, असं मी म्हणत नाही. ते ठरवणारे घरात दुसरे होते. पण ती कोट मागायला आली होती आणि तिच्या हातात झाडू दिला, तो मी. आई नव्हे, बाप नव्हे, तिची शिक्षिका. तेव्हा थेआ फॉन हारबूला मी काय बोलणार? तिने लिहिलं, मीही लिहिलं. आपल्या हातातली लेखणी आपलीच असते, पण तिच्यातली शाई पुष्कळदा दुसऱ्यांची असते.

मला माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. आपल्या कमला सोहोनींना १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी निव्वळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या, वर्षभर परीक्षा बघून मग त्यांना कायम केलं गेलं, आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या. हे मी वर्गात सांगत असे! फळ्यावर सांगायचं एक आणि पात्रं वाटताना करायचं दुसरं.

२०१४ साली मंगळयान कक्षेत पोचलं, तेव्हा इस्रोतल्या साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या बायकांचा आनंदाचा फोटो जगभर गाजला. मी तो कापून कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. त्यावरून २०१९ साली 'मिशन मंगल' निघाला, तर त्याच्या पोस्टरवर सगळ्यात मोठा चेहरा पुरुषाचा. टीकाही झाली त्यावर. म्हणजे प्रत्यक्षात कोट बाईच्या अंगावर आला, तरी पोस्टरवाल्याला काही तो दिसला नाही.

आता नातीचा प्रश्न. ही मशीन आहे, हे घरात कोणालाच का कळत नाही?

मला सुचलेलं उत्तर असं. घरातल्या कोणी तिला असं काही विचारलंच नाही, की जे यंत्राला सांगता येणार नाही. तुला काय आवडतं, तुला झोप लागली का, तुला राग कशाचा येतो? काम नीट करते, हसते, दिसायला चांगली आहे, उलट बोलत नाही. सुनेकडून याहून जास्त काही अपेक्षितच नसेल, तर माणूस कोण आणि यंत्र कोण, हे कळणार कसं? तिचं बिघडलं तेव्हा कळलं. आपल्या घरातल्या बायकांचंही असंच असतं. त्या आजारी पडल्या की मगच त्या दिसतात. तोपर्यंत मिस्टर एक्सच. फक्त बळ नसलेल्या!

मी हे नातीला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी, तुला काय आवडतं गं?" आणि खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. दोन दिवसांनी आठवलं. मला रात्री गच्चीवर बसून चांदण्या बघायला आवडतात. धुळ्याला असताना शिकले होते सप्तर्षी, ध्रुव, मृग ओळखायला. मग संसारात राहून गेलं. आता डोळा नवा झाला आहे, तर परवापासून पुन्हा जायला लागले आहे वर. नातू दुर्बीण आणतो म्हणाला आहे.

असो. फार लांबलं. 'यंत्रबाई'ची वही सापडली आहे, पानं पिवळी पडली आहेत, पण अक्षर वाचता येतं. तुमच्यापैकी जे शाळेत आहेत त्यांना स्नेहसंमेलनासाठी हवी असेल तर कळवा, उतरवून पाठवीन. अट एकच. शास्त्रज्ञ कोण आणि यंत्र कोण, हे बाईंनी ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. आणि मुलाच्या वाट्याला झाडू आला, तर त्याने तो नीट मारायचा, हसू येईल असा नव्हे.